शोभेच्या पानांचा पाठ
(इयत्ता तिसरी व चौथी : परिसर-अभ्यास)

उद्देश : रंगीत पानातही हरितद्रव्य असते, हे विद्यार्थ्यांच्या प्रत्ययास आणून देणे, तसेच कोणती शोभेची झाडे अपायकारक आहेत, याची जाणीव करून देणे.

साहित्य : कोलियसची किंवा लाल माठाची पाने, पांढरे भांडे, गरम पाणी, क्रोटनची कुंडी.

पाठाची मांडणी : 'लाल पान आपले अन्न तयार करते काय?' असा प्रश्न प्रथम विचारावा व उत्तरे फळ्यावर लिहावीत. नंतर शिक्षकांनी स्वतः लाल पाने उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवावीत. पाणी लाल होते आणि पान हिरवट दिसू लागते. लाल रंग पाण्यात विरघळतो, हरितद्रव्य मात्र पानातच राहते. म्हणजे ते आरंभापासून तेथे होतेच. केवळ लाल रंगाने झाकले गेले होते.

पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांची गोष्ट निराळी आहे. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्याने तेथे अन्न तयार होत नाही. त्याचे पोषण हिरवा भाग करतो. अशा झाडास पूर्ण हिरवी फांदी फुटल्यास ती अधिक जोमाने वाढते. म्हणूनच माळी ती छाटून टाकतात.

लागवड : नरडाण्यासारख्या कडक उन्हाळ्याच्या गावी क्रोटनला सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशी जागा निवडावी. दाट सावलीत त्याचे रंग फिके पडतात. कोलियसची छाटे पावसाळ्यात सहज रुजतात. मुलांच्या हात धुण्याच्या साध्या पाण्यावर चार-सहा कुंड्या जगविता येतात.

दक्षता : अळूने घसा खवखवतो, म्हणून घरी भाजीत चिंच घालतात, हे मुलांस ठाऊक असते. या खवखवीचे कारण कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक होय. डिफेनबॅकिया, कॅलेडियम व मनीप्लँट ही अळूच्याच कुळातील झाडे आहेत. डिफेनबॅकियाचे पान चघळल्यास तोंडाची आग होते, जीभ सुजते. क्वचित श्वासासही अडथळा होतो. लहान मुले वावरतात अशा अंगणात हे झाड लावू नये. क्रोटनचा चीकही त्वचेस बाधतो; छाटणी शिक्षकांनीच करावी व नंतर हात धुवावेत. मुलाने असे पान चघळल्यास तोंड पुसून थंड पाण्याने चूळ भरवावी, ओकारी काढवू नये आणि विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

स्वाध्याय : प्रत्येकाने घराभोवतालची तीन रंगीत पाने न तोडता पाहावीत व त्यांची चित्रे वहीत काढून रंग लिहावेत. अनोळखी पान तोंडात घालू नये, हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहवून घ्यावे.