दहा बाय बारातलं वर्कशॉप

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी कार्पेंट्री शॉपमध्ये एक लॅप जॉइंट केलेला आहे. करवतीनं हात भरून आले, जर्नलवर सही झाली आणि तो जॉब रॅकमागं जाऊन पडला. सुतारकामाशी आपला संबंध बहुतेक तिथंच संपतो. माझाही संपला असता. पण यंदा रेणापूरच्या माझ्या काकांनी लातूरची रोजंदारी सोडून घराच्या पडवीतच स्वतःचं दुकान थाटायचं ठरवलं आणि मला विचारलं, "इंजिनिअर व्हायलास ना? मग सांग, आधी काय घेऊ?" जागा दहा बाय बारा फूट, हाताशी जुन्या घराचं लाकूड आणि बाकी सगळा पैसा कर्जाचा. चुकीचं मशीन घेतलं तर हप्ता मात्र चुकत नाही! म्हणून पुस्तकं, वर्कशॉपचे सर आणि काकांचा पंचवीस वर्षांचा हात, असा तिन्हींचा मेळ घालून जे जमवलं, ते इथं मांडतो.

१. आधी लाकूड मोजा

आपल्या भागातली जुनी घरं माळवदाची. सागवानी खांब, त्यावर तुळया, वर लाकडी पट्ट्या आणि त्यावर फूट-दीड फूट मातीचा थर. एक फूट मातीचं वजन चौरस मीटरला साधारण पाचशे किलो भरतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हाच बोजा आणि मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती हजारो माणसांच्या जिवावर उठल्या. पण त्याच वेळी कित्येक ठिकाणी भिंत बाहेर ढासळली आणि खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, हेही अभ्यासकांनी नोंदवलं आहे. खाच आणि कुसवाचा सांधा थोडा हलतो, पण एकदम तुटत नाही. आपण ज्याला मॉर्टिज-टेनन म्हणतो तो हाच.

त्यानंतर बऱ्याच घरांवरची माती उतरली, पत्रे आले आणि खांब-तुळया अंगणात येऊन पडल्या. काकांकडच्या लाकडाला एक व्यापारी वजनावर मागत होता. तेव्हा आम्ही टेप घेऊन बसलो. घनफूट काढायची सुतारी रीत सोपी आहे: जाडी इंचात, रुंदी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. सात बाय सात इंचाचा आठ फुटी खांब म्हणजे २.७ घनफूट. सागवानाची घनता घनमीटरला साधारण ६५० किलो धरली तर त्याचं वजन होतं ५० किलो. म्हणजे वजनावर विकलं तर ते ५० किलो जळतन, आणि घनफुटावर मोजलं तर पावणेतीन घनफूट पक्कं वाळलेलं सागवान. दोन्ही भाव बाजारात विचारून बघा, काय ते कळेल! काकांनी लाकूड ठेवून घेतलं. नव्या सागवानाचं झाड स्वतःच्या शेतात असलं तरी तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, हेही लक्षात असू द्या.

जुन्या लाकडात खिळे लपलेले असतात. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून लाकडावरून फिरवलं की बरेच खिळे सापडतात. रंध्याचं पातं वाचवायचा हा फुकटातला उपाय.

२. लाकूड श्वास घेतं

आपल्याकडं उन्हाळ्यात हवा कोरडी आणि श्रावणात दमट. लाकडातला ओलावा त्याप्रमाणं बदलतो, कोरड्या हवेत ६ टक्क्यांच्या आसपास, तर दमट हवेत १४-१५ टक्क्यांपर्यंत. सागवान पूर्ण ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वर्तुळांच्या दिशेनं सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडं सुमारे २.५ टक्के आक्रसतं. हिशेब केला तर ८ टक्के ओलाव्याच्या फरकानं एक फूट रुंदीच्या फळीत पाच मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. म्हणून पावसाळ्यात दार अडकतं आणि चैत्रात फटी पडतात. आणि सागवान त्यातल्या त्यात कमी हलणारं लाकूड आहे! यावरून दोन नियम निघतात. लाकूड दुकानात आणून आधी पट्ट्यांवर हवेशीर रचून ठेवायचं. आणि रुंद फळी चारही बाजूंनी चिकटवून-खिळून टाकायची नाही, तिला हलायला खाचेत जागा ठेवायची.

३. जागेचा हिशेब

काकांच्या मनात मोठं कंबाइन मशीन होतं. "मशीनच नाही म्हणल्यावर दुकान कशाचं?" असं त्यांचं म्हणणं. मी कागदावर पडवी काढली. प्लायवूडचं पान आठ बाय चार फुटांचं. ते स्थिर करवतीवर लांबीला चिरायचं तर पात्याच्या पुढं आठ फूट आणि मागं आठ फूट मोकळी जागा हवी, म्हणजे सोळा फूट. पडवीची मोठी बाजू बारा फूट आणि कर्ण सुद्धा साडेपंधरा फूटच! म्हणजे मशीन बसेल, पण पान फिरणार नाही. त्यापेक्षा अंगणात दोन घोडे मांडून, सरळ पट्टी शिकंज्यानं आवळून हातातल्या गोल करवतीनं पान कापणं सोयीचं. जागा कामाला लागेल तेवढीच लागते, ती उरलेला वेळ अंगणच राहते.

आत मात्र एक गोष्ट पक्की हवी, ती म्हणजे बेंच. आपले सुतार पिढ्यान् पिढ्या जमिनीवर बसून, पायानं लाकूड धरून काम करत आले. काकांचे गुडघे आता त्याला तयार नाहीत. बेंचची उंची उभं राहून मनगटाशी येईल एवढी, साधारण ३२ ते ३४ इंच. वरची फळी सहा बाय दोन फूट आणि तीन इंच जाड. ती तीन घनफूट भरते, म्हणजे नुसती फळीच पंचावन्न किलोची. रंधा मारताना बेंच सरकायला नको, म्हणून हे वजन कामाचंच. बेंच उत्तरेच्या खिडकीखाली ठेवला. तिथं ऊन थेट येत नाही आणि रेघ नीट दिसते.

४. हत्यारं

पहिल्या दिवशी लागणारी यादी छोटी आहे: करवत, मोठा आणि छोटा रंधा, ६-१२-१८-२५ मिलिमीटरच्या पटाशा, गुण्या, खतकस, हातोडा, स्क्रू ड्रायव्हर, टेप, निदान चार शिकंजे आणि कुरुंदाचा दगड. यादीत शेवटी लिहिला असला तरी तो दगड पहिला. पटाशीला २५ अंशांची धार आणि टोकाला ३० अंशांची बारीक धार द्यायची. बाभळीसारख्या कठीण लाकडाला थोडा जास्त कोन ठेवायचा. काका म्हणतात, बोथट हत्यारच हात कापतं. ते खरं आहे, कारण जोर जास्त लावावा लागतो आणि मग हत्यार निसटतं.

गुण्या खरा आहे का, हे तपासायला फळीवर रेघ ओढा, गुण्या उलटा करा आणि पुन्हा ओढा. दोन रेघा एकच दिसल्या तर गुण्या खरा. चौकट काटकोनात आहे का, हे दोन्ही कर्ण मोजून कळतं. मेट्रॉलॉजी म्हणजे वेगळं काय असतं?

५. वीज

दोन हॉर्सपॉवरची मोटर चालू स्थितीत साधारण ९ अँपिअर घेते आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या पाचपट, म्हणजे ४५. मीटरपासून पडवी १५ मीटर. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन रोध ०.५ ओहमच्या वर होतो, म्हणजे सुरू होताना २४ व्होल्ट वायरीतच खपतात. संध्याकाळी आधीच व्होल्टेज कमी असेल तर मोटर नुसती गुरगुरते आणि तापते. २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर हीच घट साडेनऊ व्होल्टवर येते. म्हणून पुढं मोठी मोटर आली तरी चालेल अशी वेगळी लाइन, १६ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी एवढं आधीच करून घेतलं. स्थिर मशीन घेणाऱ्यानं स्टार्टर नो-व्होल्ट कॉइलचाच घ्यावा. लाइट गेली आणि पात्याजवळ हात असताना परत आली, तर मशीन आपोआप सुरू होता कामा नये.

६. बोटं आणि फुप्फुसं

लाकडाची धूळ साधी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये ती माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली. तेव्हा तोंडाला दस्ती बांधून भागत नाही, एन-९५ मास्क घालावा, आणि एक्झॉस्ट फॅन धूळ उडते त्या बाजूला बसवावा. फिरत्या पात्याजवळ हातमोजे नकोत, गळ्यात दस्ती नको, पूर्ण बाह्या नकोत. छोटा तुकडा बोटानं ढकलायचा नाही, काठीनं ढकलायचा. पात्यावरचं गार्ड "कामात येतं" म्हणून काढून ठेवायची पद्धत आहे, तीच सगळ्यात महाग पडते.

७. पैसा

सुताराचा धंदा बलुत्याचा होता. औत-गाडी दुरुस्त करायची आणि सुगीला धान्य घ्यायचं. आता हप्त्याचा हिशेब आला. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर आणि ५ टक्के व्याजानं आधी एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. एक लाख १८ महिन्यांत फेडायचं तर हप्ता सुमारे ५,८०० रुपये पडतो. मी काकांना एकच प्रश्न विचारला, "हे मशीन महिन्याला खर्च जाऊन ५,८०० जास्तीचे मिळवून देईल का?" काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाट, चौरंग, देव्हारे करायचे तर नाही. चौकटी आल्या तर देईल."

म्हणून ठरलं असं: आधी बेंच, हातहत्यारं, गोल करवत, ड्रिल आणि हाताचा इलेक्ट्रिक रंधा. कर्जाचा पहिला टप्पाच घ्यायचा. सहा महिने वहीत प्रत्येक कामाचे तास लिहायचे. ज्या कामात सगळ्यात जास्त तास जातील, त्याचं मशीन पुढं घ्यायचं. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या पेपरात आपण टाइम स्टडी लिहितो, तीच ही वही. फरक इतकाच की इथं उत्तर चुकलं तर मार्क जात नाहीत, पडवी जाते.

मित्रांनो, पुण्याजवळ पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताला काम देऊन शिकवायचं याच विचारानं. आपल्या कॉलेजचं कार्पेंट्री शॉप फर्स्ट इयरच्या बॅचेस संपल्या की बहुतेक वेळ बंदच असतं. होस्टेलवर डगमगणारी टेबलं आणि पाय मोडलेल्या कॉट आहेत. वर्कशॉपच्या सरांना विचारून शनिवारची एक दुपार मागून घ्या, कुरुंद घ्या आणि आधी पटाशीला धार लावा. बाकीचं पुढं आपोआप सुचत जातं.