फवारणी पंपाच्या टाकीस गेलेला तडा

बॅटरीवर चालणाऱ्या पाठीवरच्या फवारणी पंपाच्या टाकीस हंगामात पुष्कळदा तडा जातो. १६ लिटरची टाकी भरली म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन १६ किलो होते, व पंप उचलताना तो भार पट्ट्याच्या आकड्यांवर येतो. वर्षभर उन्हात पडलेल्या पंपाचे प्लॅस्टिक ठिसूळ होते, ते निराळेच.

तडा दिसताच एखादे चिकटद्रव्य आणून फासण्याची वहिवाट आहे. ते थोड्याच दिवसांत पापुद्र्याप्रमाणे सुटून येते. दोष चिकटद्रव्याचा नसतो. या टाक्या बहुधा पॉलिएथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात व त्यांच्या मेणचट पृष्ठभागास नेहमीची चिकटद्रव्ये धरत नाहीत. म्हणून आधी प्लॅस्टिकची जात ओळखणे अगत्याचे होय. तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असल्यास ते घन पॉलिएथिलीन, ५ असल्यास पॉलिप्रॉपिलीन समजावे. आकडा नसल्यास कडेचा लहानसा छिलका काढून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडावा. तो वर आला तर प्लॅस्टिक या दोहोंपैकी एक आहे. तळाशी बसला तर ते एबीएस अथवा नायलॉनसारखे जड प्लॅस्टिक असावे. बॅटरीचे खोके वा बिनतारी ड्रिलची मूठ अशाचीच असते. ते काचकागदाने खरवडून एपॉक्सी लावल्यास सांधा बरा टिकतो.

तरंगणारे प्लॅस्टिक वितळवूनच सांधावे लागते. प्रथम बॅटरी काढून ठेवावी. टाकी साबणाच्या पाण्याने तीन वेळा धुऊन पूर्ण वाळवावी. ते पाणी विहीर व ओढ्यापासून दूर ओतावे. औषधाचा अंश राहिल्यास तापल्यावर विषारी वाफा निघतात, म्हणून हे काम उघड्यावर व वाऱ्याकडे पाठ करून करावे. तड्याच्या दोन्ही टोकांस ३ मिलिमीटरचे छिद्र पाडावे, म्हणजे तो पुढे सरकत नाही. चाकूने तड्यावर निम्म्या जाडीची खाच काढून सोल्डरिंग आयर्नने कडा मऊ कराव्यात व त्याच जातीच्या प्लॅस्टिकची पट्टी त्यात वितळवून भरावी. जात निराळी असल्यास सांधा धरत नाही. धूर निघू लागला तर उष्णता जास्त झाली असे जाणावे. टाकी थंड झाल्यावर गळ्यापर्यंत पाणी भरून रात्रभर कोरड्या गोणपाटावर ठेवावी.

मात्र पट्ट्याच्या आकड्याजवळील तडा कधीही सांधू नये. तेथील सांधा भार सोसत नाही, आणि तो उघडला तर औषध फवारणाऱ्याच्या पाठीवरून वाहते. कित्येक कीटकनाशके कातडीवाटे अंगात भिनतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याची कारणे एकाहून अधिक होती. तथापि गळक्या पंपाकडे काटकसर म्हणून पाहणाऱ्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो प्रसंग अवश्य सांगावा. हाताने हवा भरावयाच्या दाबाच्या टाकीसही हाच नियम लागू आहे. फुगलेल्या लिथियम बॅटरीचे वेष्टन तर उघडूच नये.

निकामी टाकी स्वच्छ धुऊन तिच्या पट्ट्या कापून ठेवाव्यात. पुढील दुरुस्तीस त्याच उपयोगी पडतात. उरलेल्या भागास भोके पाडावीत, म्हणजे कोणी त्यात पिण्याचे पाणी साठविणार नाही.