पोट फुगतंय? आधी खर्चाचा क्रम लावा

जेवून तासभर झाला की पट्टा एक भोक सैल करावा लागतो, ढेकर थांबत नाहीत आणि संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं टम्म होतं. मग वाटेवरच्या मेडिकलमधून ‘गॅसची गोळी’ घेतली जाते. ती महिनाभर चालते. पुढे कुणीतरी सुचवलेला प्रोबायोटिकचा डबा येतो, त्यानंतर सवलतीतलं ‘फुल बॉडी’ पॅकेज, आणि सगळ्यात शेवटी डॉक्टर. जेवणाची वेळ, जेवणाचा वेग आणि सकाळची घाई मात्र या सगळ्यात जशीच्या तशी राहते. म्हणजे पैसे जातात ते बऱ्याचदा उलट्या क्रमानं.

तो क्रम सरळ कसा लावायचा, हे मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्यांसाठी इथे मांडलं आहे. रकमा अंदाजाच्या आहेत. दुकान, दवाखाना आणि लॅबप्रमाणे त्या कमी-जास्त होतील, म्हणून विचारूनच पैसे द्या.

घरगुती उपाय कुणी करू नयेत?

पुढची लक्षणं असतील तर ओवा-जिऱ्यात वेळ घालवू नका, थेट डॉक्टरांकडे जा: कारण नसताना वजन घटणं, शौचात रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच, गिळताना अडकणं, सारख्या उलट्या, ताप, कावीळ, रक्त कमी असल्याचा रिपोर्ट, पोटदुखीनं रात्री झोपमोड होणं. पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला तरी तपासणी हवीच. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं पोट काही आठवडे सतत फुगलेलं राहत असेल आणि दोन घासांत पोट भरत असेल, तर अंडाशयाची सोनोग्राफी लांबवू नये.

आणखी एक. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप ही ‘गॅस’ची लक्षणं समजून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. ईसीजीला खासगीत दोनशे ते चारशे रुपये पडतात. तो नॉर्मल निघाला तरी ते पैसे वाया गेले असं समजू नये.

वायू येतो कुठून

मुख्य वाटा तीन. घाईघाईनं खाताना, बोलत जेवताना, सोडा पिताना आपण हवा गिळतो. लहान आतड्यात न पचलेली साखर आणि पिष्ट मोठ्या आतड्यात गेलं की तिथले जिवाणू ते आंबवतात. आणि बद्धकोष्ठता असेल तर तयार झालेला वायू पुढे सरकत नाही. काही लोकांत वायू नेहमीइतकाच असतो, पण आतडं जास्त संवेदनशील असतं. तेही खरंच दुखणं आहे, मनाचे खेळ नव्हेत. यातली आपली वाट कुठली हे कळलं की निम्मा खर्च वाचतो.

पहिले दोन आठवडे: खर्च शून्य

इथल्या नोकरदाराचा दिवस पचनाला सोयीचा नाही. सकाळची लोकल गाठायची म्हणून शौचाची वेळ टळते. प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून, विशेषतः बायका, पाणीच कमी पितात. संध्याकाळी प्लॅटफॉर्मबाहेर उभ्याउभ्या वडापाव होतो आणि रात्रीचं जेवण दहाला. चर्चगेटहून तासाभराहून जास्त लोंबकळत आलेल्या माणसाला कुणी दोष देणार नाही, पण दोन आठवडे एवढं करून बघा:

– सकाळी वीस मिनिटं लवकर उठून कोमट पाणी प्या आणि घाई न करता शौचाला बसा. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या.
– ऑफिसला पोचल्यावर आणि दुपारी पाणी भरून काढा.
– संध्याकाळी सहा-सातला घरचं काही थोडं खा: मुरमुरे, केळं, भाकरीचा तुकडा. मग दहा वाजता ताटावर तुटून पडायची वेळ येत नाही.
– जेवायला किमान वीस मिनिटं द्या, मोबाइल बाजूला ठेवा.
– जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात चाला. लगेच आडवं होऊ नका.
– काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी झाला, हे एका वहीत लिहा. पुढे डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच, तर ही वही कामाला येते.

याच काळात आपल्या चालू औषधांची चिठ्ठीही तपासा. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं पोट बिघडू शकतं, व्होग्लिबोज किंवा अकार्बोजनं वायू हमखास वाढतो, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते. औषध स्वतःहून बंद करायचं नाही. डॉक्टरांना विचारलं तर मात्रा, वेळ किंवा प्रकार बदलता येतो.

स्वयंपाकघर: महिन्याला तीनशे ते पाचशे रुपये

साधारण भाव असे:

– जिरे, १०० ग्रॅम: ३५ ते ५० रुपये
– ओवा, १०० ग्रॅम: ३० ते ५० रुपये
– बडीशेप, १०० ग्रॅम: ३० ते ५० रुपये
– हिंग, ५० ग्रॅम: ६० ते १२० रुपये
– इसबगोल, १०० ग्रॅम: १३० ते २०० रुपये

हिंगाच्या डबीवरचा घटकांचा मजकूर वाचा. बाजारात बहुतेक मिळतो तो बांधणीचा हिंग, म्हणजे डिंक आणि पीठ मिसळलेला. ते पीठ अनेकदा गव्हाचं असतं. ज्यांना गहू वर्ज्य आहे, त्यांनी तांदळाच्या पिठाचा हिंग मागून घ्यावा. शुद्ध हिंग महाग असतो, कारण तो अफगाणिस्तान आणि इराणच्या बाजूनं येतो. भारतात त्याची लागवड हिमाचलमधल्या लाहौलला २०२० मध्ये सुरू झाली.

इसबगोल एका चमच्यापासून सुरू करा आणि वर पेलाभर पाणी प्याच. पाणी कमी पडलं तर तो उलट अडकून बसतो. पहिले काही दिवस वायू थोडा वाढेल. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतुमय पदार्थ हवेत, पण एकदम वाढवले तर पोट जास्तच फुगतं. पेरू, पपई, भाकरी, पालेभाजी असं आठवड्याला एकेक वाढवत न्या.

कडधान्यं सोडू नका, शिजवायची पद्धत बदला. चवळी, वाल, राजमा, छोले रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात शिजवा. पोटात आंबणाऱ्या शर्करांचा बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो. मूग तुलनेनं हलका, मोड आणून नीट शिजवलेला असेल तर अधिकच. भात आणि मासे यांनी वायू फारसा होत नाही, त्यामुळे उत्तनच्या कोळणीकडून घेतलेल्या मांदेलीचं कालवण आणि भात हा पोट बिघडलेल्या दिवसासाठी वाईट बेत नाही. फक्त त्यात तेल-तिखट बेताचं असावं.

दुधाची परीक्षा फुकट आहे. दोन आठवडे दूध आणि दुधाचा चहा बंद, दही-ताक चालू. फरक पडला तर लॅक्टोज पचत नसावं असा अंदाज बांधता येतो. अशा बहुतेकांना ताक सोसतं. घरी विरजलेल्या दह्याचं, जिरेपूड घातलेलं पेलाभर ताक दहा रुपयांच्या आत पडतं.

कांदा-लसणाची परीक्षा भाईंदरमध्ये जितकी सोपी आहे तितकी क्वचितच कुठे असेल. कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रुक्टन नावाची शर्करा असते आणि ती अनेकांच्या पोटात आंबते. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठानं अशा पदार्थांना ठरावीक काळ वगळून एकेक परत आणायची आहारपद्धत विकसित केली, आणि जगभरचे डॉक्टर ती वापरतात. तिच्यातला कांदा-लसणाचा भाग तपासायला परदेशी पाकिटं कशाला हवीत? भाईंदर पश्चिमेला पावलोपावली ‘जैन’ पाटी आहे. तीन आठवडे बाहेरचं खाणं जैन मागवा, घरी फोडणीला फक्त हिंग-जिरे वापरा आणि वहीत नोंद ठेवा. पण जैन पावभाजीतला पाव गव्हाचाच असतो, हे विसरू नका. फरक पडला तर कांदा आधी थोडा, मग जास्त असा परत आणा. सगळं कायमचं वगळून बसलं तर आहार तुटपुंजा होतो.

मेडिकलच्या काउंटरवर

सिमेथिकॉनची गोळी अधूनमधून घ्यायला स्वस्त आणि बहुतेकांना निर्धोक आहे. फ्रूट सॉल्टमध्ये सोडियम भरपूर असतं, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ते रोज घेऊ नये. पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल ही आम्ल कमी करणारी औषधं आहेत. जळजळ नसताना नुसत्या फुगलेल्या पोटाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. ती नाश्त्याआधी अर्धा तास घ्यायची असतात आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय महिनोन्महिने चालवायची नसतात. लांबलेल्या वापरानं बी-१२ कमी होऊ शकतं. डोमपेरिडोन मिसळलेल्या गोळ्या हृदयविकार असलेल्यांनी आणि वृद्धांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. औषध दीर्घकाळ लागणारच असेल तर जनऔषधी केंद्रात विचारा, तिथे तेच मूळ औषध बऱ्याच कमी दरात मिळतं.

आयुर्वेदाकडे कल असेल तर हिंग्वाष्टक चूर्ण घरोघरी माहीत आहे. छोटी डबी साधारण साठ ते दीडशे रुपयांत येते. पहिल्या घासाबरोबर तुपात घ्यायची त्याची रीत आहे. त्यात सैंधव असतं, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी जपून घ्यावं. वैद्यांचा सल्ला हवा असेल तर खासगीत तीनशे ते हजार रुपये लागतात. वरळीला सरकारी पोदार आयुर्वेद रुग्णालय आहे.

डॉक्टर आणि तपासण्या

स्वयंपाकघरातल्या उपायांनीही दोन ते चार आठवड्यांत उतार पडला नाही तर आता पैसे खर्च करायची वेळ आली. खासगीतले दर साधारण असे:

– फॅमिली डॉक्टर: २०० ते ५०० रुपये
– पोटविकारतज्ज्ञ: ८०० ते २,००० रुपये
– आहारतज्ज्ञ, पहिली भेट: १,००० ते २,५०० रुपये
– रक्ताची सीबीसी तपासणी: २५० ते ५०० रुपये
– थायरॉइडची टीएसएच: २५० ते ५०० रुपये
– शौचाची साधी तपासणी: १५० ते ३०० रुपये
– पोटाची सोनोग्राफी: ८०० ते २,५०० रुपये
– गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिअ‍ॅक आजारासाठी टीटीजी: १,००० ते २,००० रुपये
– एंडोस्कोपी: ३,००० ते १०,००० रुपये
– कोलोनोस्कोपी: ५,००० ते १५,००० रुपये

सुरुवात फॅमिली डॉक्टरांपासूनच करा. पहिल्या फेरीत सीबीसी, टीएसएच आणि गरज वाटली तर सोनोग्राफी एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. म्हणजे डॉक्टरांची फी धरून दीड ते चार हजार. दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोपी किंवा कोलोनोस्कोपी, सगळ्यांना लागत नाही. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. टीटीजी करायची असेल तर त्याआधी गहू सोडू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. आणि एच. पायलोरी जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी असेल तर आम्ल कमी करणारी गोळी साधारण दोन आठवडे आधी थांबवावी लागते. डॉक्टरांना आठवणीनं विचारा.

सरकारी वाट स्वस्त आहे. भाईंदर पश्चिमेचं भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, ज्याला इथले लोक अजून टेंभा हॉस्पिटल म्हणतात, राज्याच्या आरोग्य विभागाकडे आहे. या विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सर्दी-पोटासारख्या साध्या तक्रारींना ‘आपला दवाखाना’ही चालतो. पोटविकारांचा स्वतंत्र विभाग हवा असेल तर नायर रुग्णालय मुंबई सेंट्रल स्टेशनजवळ आहे. भाईंदरहून लोकल बदलावी लागत नाही. जुने रिपोर्ट, आधार कार्ड आणि ती वही घेऊन सकाळी लवकर पोचा. अर्ध्या दिवसाची रजा धरूनच हिशेब करा.

आरोग्य विम्यात साधारणपणे बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च मिळत नाही. दुर्बिणीच्या तपासणीआधी कंपनीला लेखी विचारा.

इथे हात आखडता घ्या

‘अमुक शंभर पदार्थ तुम्हाला चालत नाहीत’ असं सांगणारी आयजीजी रक्ततपासणी पाच ते पंधरा हजारांना विकली जाते. ऍलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ती करू नका असं सांगतात. डिटॉक्सचे रस, आतडी धुण्याची सत्रं यांचीही गरज नाही. यकृत आणि मूत्रपिंड ते काम करतच असतात. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलला महिन्याला पाचशे ते हजार लागतात. काहींना गुण येतो, काहींना नाही. घ्यायचीच तर एकच प्रकार चार आठवडे घ्या, फरक नसेल तर थांबवा. डब्यावर एफएसएसएआय क्रमांक असेल तर ते अन्न आहे, औषध नव्हे, आणि रोग बरा करण्याचा दावा त्याला करता येत नाही.

ग्राहक म्हणून तुमचा हक्क

महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार खासगी रुग्णालयानं रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी लावायला हवं. एंडोस्कोपीचा दर विचारताना भूल, बायोप्सी आणि तिचा रिपोर्ट धरून आहे का, हे विचारा. बिल तिथेच फुगतं. रिपोर्टची प्रत आणि पक्की पावती मागून घ्या. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा फसवी जाहिरात दिसली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

एकूण हिशेब

पहिले दोन आठवडे शून्य. स्वयंपाकघरातला पहिला महिना तीनशे ते पाचशे. त्यानंतरही त्रास राहिला तर डॉक्टर आणि प्राथमिक तपासण्यांना खासगीत दीड ते चार हजार, सरकारीत प्रवासखर्च आणि अर्धी रजा. दुर्बीण लागली तर खासगीत आणखी तीन ते पंधरा हजार. धोक्याची लक्षणं असतील तर वरच्या पायऱ्या ओलांडून थेट डॉक्टर गाठायचे. नसतील तर एक पायरी पुरती झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर पैसे टाकायचे नाहीत.