कापड : एका शब्दाची कुळकथा



शिरोली एमआयडीसीजवळच्या वस्तीत वंदनेच्या वेळी एक उपासिका नेहमी दाराशीच बसत. पुढे या म्हटले, तर म्हणाल्या, "दादा, माझ्या पांढऱ्या लुगड्याला ठिगळ हाय. नव्या कापडातल्या बायकांत कशी बसू?" त्यांना तोंडी सांगितले ते येथे थोडे विस्ताराने लिहितो.

मुळात ‘कापड’ हा शब्दच चिंधीचा आहे. संस्कृतात ‘कर्पट’, पालीत ‘कप्पट’. अर्थ जुने, फाटके, ठिगळाचे वस्त्र. प्राकृतात त्याचे ‘कप्पड’ झाले आणि त्यातून आपले ‘कापड’ आले. ‘कपडा’ही त्याच कुळातला. थेरगाथेत एका थेरांचे नावच कप्पटकुर आहे. कप्पट म्हणजे चिंध्या, कुर म्हणजे भात. चिंध्या पांघरून भात मागत फिरणारा तो गरीब मुलगा पुढे संघात आला. जुन्या मराठीत यात्रेकरूला ‘कापडी’ म्हणत, तोही याच शब्दाचा नातलग. पुढे अर्थ पार फिरला. आज इचलकरंजीच्या मागावरचा कोरा तागा म्हणजे कापड, आणि गोव्यातल्या कोकणीत तर साडीलाच कापड म्हणतात.

फाटके वस्त्र अंगावर कसे आले, हे मात्र शब्दकोश सांगत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्त्रे प्रेतावरची असावीत असा नियम आहे. भगवान बुद्धांचे भिक्खूही स्मशानातल्या व उकिरड्यावरच्या चिंध्या वेचीत. त्यांना ‘पंसुकूल’ म्हणतात. चिंधी तीच. पण एकीकडे ती जन्मावरून लादलेली, दुसरीकडे आपण होऊन घेतलेली. आणि शाक्य राजपुत्रांच्या अंगावर जे चीवर, तेच उपाली न्हाव्याच्या अंगावर. त्या चिंध्या धुऊन, रंगवून जोडीत. मगधातील भातशेतीचे बांध पाहून त्याप्रमाणे तुकडे जोडण्याची रीत आनंदांनी बसविली, असे विनयपिटकात आहे. म्हणजे चीवर हे ठिगळांचेच वस्त्र.

25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशीही बोलले. अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, असे त्यांनी बजावले. वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, ते स्वच्छ असावे, हेही सांगितले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला आपली माणसे पांढरी वस्त्रे नेसून गेली. पालीत गृहस्थ उपासकाला ‘ओदातवसन’ म्हणतात. ओदात म्हणजे शुभ्र, स्वच्छ. नवे किंवा भारी असा त्याचा अर्थ कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट विनयातलीच. राजा उदेनाच्या राण्यांनी आनंदांना 500 वस्त्रे दान दिली. राजाने विचारले, "एवढ्यांचे करणार काय?" आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे झिजली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? ती अंथरुणावर घालू. अंथरूण जुने झाले की गादीची खोळ, मग जमिनीवरचे बसकर, मग पायपुसणे, मग झटकायचे फडके. शेवटी तेही कुटून चिखलात कालवू आणि जमीन लिंपू. राजाने आणखी 500 वस्त्रे दिली.

हे ऐकताना त्या उपासिका हसू लागल्या. "आमच्यात लुगड्याची वाकळ, आन् वाकळंचं पोतेरं. ह्येच की हो!" म्हणाल्या, आणि उठून पुढच्या रांगेत येऊन बसल्या.