टीम्सला पेढीचा ‘विश्वासू पत्ता’ कसा कळवावा?

पेढी मुंबईत आणि गोदाम भिवंडीत, अशा धंद्यात मायक्रोसॉफ्ट टीम्सला नेहमीचा टेलिफोन जोडला, की एक प्रश्न उभा राहतो. बोलणारा माणूस नेमका कोठे बसला आहे? लांबच्या कॉलचे शुल्क चुकविण्यासाठी तो इंटरनेटमार्गे फिरविणे काही देशांत बेकायदा आहे. भारतातही त्यावर दूरसंचार नियमांची बंधने आहेत. म्हणून माणसाचे ठिकाण पाहून कॉलचा मार्ग ठरविण्याची सोय टीम्समध्ये आहे. ती ‘विश्वासू आयपी पत्त्यां’वर चालते.

पत्ते दोन प्रकारचे. १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता राउटर आतल्या यंत्रांना देतो. तो खोलीच्या क्रमांकासारखा. हजारो इमारतींत तोच सापडतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो सार्वजनिक पत्ता. टीम्स आधी सार्वजनिक पत्ता यादीशी ताडून पाहते आणि तो जुळला तरच आतल्या पत्त्यावरून शाखा ओळखते.

नोंदणी अशी करावी:

१) इंटरनेट कंपनीकडून कायमचा सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा. साध्या जोडणीचा पत्ता बदलत राहतो. राउटरच्या बाहेरच्या बाजूस १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातील पत्ता दिसला, तर सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत सामाईक आहे असे समजावे.

२) टीम्सच्या प्रशासन केंद्रात ‘लोकेशन्स’, मग ‘नेटवर्क टोपॉलॉजी’, मग ‘ट्रस्टेड आयपीज’ उघडून तो लिहावा.

३) एकच पत्ता असेल तर मास्क ३२ ठेवावा. २८ लिहिल्यास १६ आणि २४ लिहिल्यास २५६ पत्ते विश्वासू ठरतात. त्यांत परकेही येतात.

४) प्रत्येक शाखेचा आतला पट्टा वेगळा हवा. पेढीत १९२.१६८.१ असेल, तर गोदामात १९२.१६८.२ ठेवावा. एक पट्टा दोन शाखांच्या नावे लावता येत नाही.

५) शेवटी शाखेला आणि कर्मचाऱ्यांना मार्गाचे धोरण लागू करावे. नुसती यादी भरून काम होत नाही.

ही यादी म्हणजे कुलूप नव्हे. चोरलेल्या पासवर्डने कोणी बाहेरून शिरला, तर ती त्याला अडवत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट एंट्रामध्ये ठिकाणाची अट वेगळी घालावी लागते. इंटरनेट कंपनी बदलली, तर त्याच दिवशी जुना पत्ता दोन्हीकडून काढावा. उद्या तो दुसऱ्या ग्राहकाच्या हाती जाऊ शकतो.