मीठ जळत नाही

ईटीपीवर, म्हणजे रंगाईच्या सांडपाणी प्रक्रियेवर, कामाला लागलायस, तर पहिलं हे डोक्यात बसव पोरा: मीठ जळत नाही, कुजत नाही, गाळात बसत नाही. रंगाचं तसं नसतं. रंग मोडता येतो, तुरटीनं खाली बसवता येतो, थोडाफार जंतूंना खायला घालता येतो. मिठाला मात्र दोनच वाटा. एकतर ते पाण्याबरोबर पुढं जाणार, नाहीतर तू ते पाण्यातून उचलून दुसरीकडं ठेवणार. करंट सोडला आणि मीठ गायब झालं, असं सांगणारा कोण आला तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

असे येतात बरं का. लोखंडी पट्ट्यांची टाकी, वर रेक्टिफायर. काळंनिळं पाणी बघता बघता निवळतं, मालक खूश. तू फक्त आधी आणि नंतर विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून दाखव. आकडा जवळपास तोच असतो. त्या टाकीत होतं काय, तर पट्टीचं लोखंड विरघळतं आणि त्याच्या गुठळ्या रंगाला धरून खाली बसतात. काम चांगलं आहे, फक्त ते रंगाचं आहे, मिठाचं नाही. हुपरीच्या मुलामावाल्याला विचार: अँपिअर-तासाला 4 ग्रॅम चांदी चढते. त्याच हिशोबानं तुझ्या टाकीत अँपिअर-तासाला 1 ग्रॅम लोखंड विरघळतं, अॅल्युमिनियम असेल तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. स्लज किती निघेल याचा अंदाज तिथंच लागतो. आणि ते पाणी परत रंगाईला घेणार असशील तर लोखंड नीट गाळून काढ, नाहीतर पांढऱ्या धोतरावर तांबूस डाग उठतात.

आता मीठ येतं कुठून ते बघ. सुती धागा पाण्यात ऋणभारित, रिअॅक्टिव्ह रंगही ऋणभारित, दोघं एकमेकांना ढकलतात. मीठ मध्ये पडून त्यांची गाठ घालून देतं. गडद शेडला लिटरला 50 ते 80 ग्रॅम मीठ पडतं आणि ते सगळंच्या सगळं बाहेर येतं, कापडात कणभर राहत नाही. नदीनाल्यात सोडायची मर्यादा लिटरला 2,100 मिलिग्रॅम. म्हणजे 60 ग्रॅमच्या बाथला जवळपास तीसपट पाणी हवं. धुलाईचं पाणी मिसळून आकडा खाली आणणं याला प्रक्रिया म्हणत नाहीत.

म्हणून सगळ्यात मोठं काम करंटचं नाही, व्हॉल्व्हचं आहे. जिगरचा, म्हणजे रंगाईच्या मशीनचा, पहिला ड्रेन वेगळ्या पाइपनं वेगळ्या टाकीत घे. त्यात मीठ जास्त, पाणी कमी. नंतरच्या धुलाया दुसऱ्या टाकीत. हे एकदा मिसळलं की कितीही भारी मशीन आणा, मालकाला बिल परवडणार नाही. हिशोब सांगतो. एक किलो सीओडी, म्हणजे पाण्यातली ऑक्सिजन खाणारी घाण, करंटनं जाळायला आदर्श स्थितीतसुद्धा 3,350 अँपिअर-तास लागतात, 5 व्होल्टला जवळपास 17 युनिट. प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त. हेच काम जंतू हवेवर फार स्वस्तात करतात. पण खाऱ्या पाण्यात जंतू मरगळतात. तेव्हा बिनखाऱ्या धुलाईचं पाणी जंतूंना, खारं पाणी करंटला. वाटणी अशी ठेव.

खाऱ्या टाकीवर टायटॅनियमची, वर ऑक्साइडचा थर दिलेली पट्टी लावतात. पाण्यात साधं मीठ असेल तर त्यातल्या क्लोराइडपासून क्लोरिन बनतो आणि तोच रंग मोडतो. मीठ इथं तुझ्या बाजूनं असतं, वाहकता वाढवून व्होल्टेजही खाली ठेवतं. पण रंगाई मास्तर ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट, वापरत असेल तर हीच पट्टी आळशी होते, नुसता ऑक्सिजन सोडत बसते. मीठ कुठलं वापरताय हे रंगाई खात्याला विचारल्याशिवाय सेल विकत घेऊ नये.

रंग गेला की त्या पाण्यातलं मीठ काढायच्या मागं लागू नको. पुढच्या गडद बाथला मीठ लागणारच आहे ना? तेच पाणी परत दे. फक्त क्रम चुकवू नको. आधी उरलेला क्लोरिन सोडियम बायसल्फाइटनं मार आणि स्टार्च-आयोडाइडची पट्टी निळी होत नाही ना बघ. त्यानंतरच आम्ल घालून रंगाईचा उरलेला सोडा मोड. उलट केलंस तर आम्ल पडताच क्लोरिन वायू उठेल आणि शेडमधली माणसं बाहेर पळतील. क्लोरिन राहिला तर पुढच्या लॉटचा रंग फिका, सोडा राहिला तर रंग कापडावर आधीच पकडतो आणि ठिगळ्या पडतात. फिकट शेडला मात्र ताजं मीठच घेऊ दे, त्यावर मास्तरशी वाद घालू नये. आणि सेलवर छत बंदिस्त नको. दुसऱ्या पट्टीवर हायड्रोजन निघतो, हवेत 4 टक्के झाला की ठिणगी पुरे.

मग इलेक्ट्रोडायलिसिस कशाला? मधल्या धुलायांसाठी, ज्यांत मीठ सोडून देता येत नाही इतकं जास्त, पण परत वापरता येत नाही इतकं पातळ असतं. पडद्यांच्या जोड्यांमधून करंट मीठ एका बाजूनं दुसऱ्या बाजूला ओढतो. एका जोडीतून किलोभर साधं मीठ सरकवायला किमान 458 अँपिअर-तास लागतात. 100 जोड्या असतील तर साडेचार-पाच. जोडीमागं एका व्होल्टच्या आतच काम होतं. म्हणून मीठ सरकवणं स्वस्त, रंग जाळणं महाग. पण पडदे लाडके असतात. पाणी जड असेल तर आधी सॉफ्टनर, मग बारीक फिल्टर, आणि रंग तर आधीच गेलेला पाहिजे, कारण रंगाचे कण पडद्यात अडकले की निघत नाहीत. पाणी गोड होत आलं की करंट वाहायला मीठच उरत नाही आणि व्होल्टेज चढायला लागतं. तिथं थांब. शेवटचा ग्रॅम सगळ्यात महाग पडतो.

ग्लॉबर सॉल्टचं घट्ट पाणी साठवताना थंडीचा विचार कर. 32 अंशांच्या आसपास ते भरपूर विरघळतं, 10 अंशांना त्याच्या निम्म्याहूनही कमी. डिसेंबरच्या रात्री उघड्यावरच्या पाइपात खडे धरतात आणि सकाळी पंप नुसता घुमतो. हाच गुण कामालाही येतो: मुद्दाम गार केलं की मीठ खड्यांच्या रूपात आपोआप वेगळं होतं.

मालक ऐकत असला तर कोल्ड पॅड बॅचचंही सुचव. कापड रंग आणि अल्कलीतून काढून रोलवर गुंडाळायचं, रात्रभर फिरत ठेवायचं. मीठच लागत नाही. जे घातलंच नाही ते काढायला कुठला सेल हवा?

आपल्या इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 साली आला, तेव्हा पंचगंगेला कोणी विचारलं नव्हतं. आज काळा ओढा काय वाहून नेतो ते तू रोज बघतोस, आणि तेरवाड बंधाऱ्यात मासे मेल्याची बातमी आली की सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात. शिरोळच्या क्षारपड जमिनी मुख्यतः जास्त पाण्यानं आणि निचरा नसल्यानं बिघडल्या, सगळा दोष प्रोसेसवाल्यांवर टाकणं खोटं होईल. पण जमीन आधीच खारी असताना वरून मीठ सोडणं कुठल्या शहाण्याचं? तिरुपूरमध्ये 2011 साली मद्रास उच्च न्यायालयानं रंगाईचे कारखाने बंद करायला सांगितले, त्यानंतर तिथल्या लोकांनी खारं पाणी परत वापरायचं मनावर घेतलं. आपल्याकडं ती वेळ यायची वाट बघू नये.

रोजचं काम एवढंच: वहीत दर दोन तासांनी अँपिअर, व्होल्ट, तापमान लिही. अँपिअर आणि पाण्यातलं मीठ तेवढंच असून व्होल्ट चढत गेले तर पट्टीवर चुना धरलाय किंवा थर झिजलाय. मीटरमध्ये तापमान सुधारणा नसेल तर गरम पाण्याचा टीडीएस उगाच जास्त दिसतो, नमुना गार करून मोज. वीज गेली किंवा सुट्टीला मशीन बंद ठेवलं तर लोखंडी पट्ट्यांची टाकी रिकामी करून धू, आणि इलेक्ट्रोडायलिसिसचे पडदे मात्र ओलेच राहू दे. एकदा वाळून तडकले की नवे आणावे लागतात.