शेत पाहून सल्ला बदलणारी संगणक-आज्ञावली

पिकावरील किडीसंबंधी संगणकाच्या साहाय्याने सल्ला देण्याची पद्धत महाराष्ट्रात रूढ झाली आहे. २००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून सुरू झालेल्या 'क्रॉपसॅप' प्रकल्पात शेतातील निरीक्षणे संगणकात नोंदवून त्यांवरून सल्ला देण्यात येऊ लागला. अशी आज्ञावली बदलत्या परिस्थितीस जुळवून घेणारी कशी असावी, हे बोरी अरब (तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ) येथील कपाशीच्या शेतावरून समजून घेता येईल.

गृहीत गोष्टी बदलतात

२००२ साली बी.टी. कपाशीस मान्यता मिळाली आणि हिरव्या बोंडअळीचा जोर ओसरला. "बी.टी. वाणावर बोंडअळी येत नाही" असे त्या वेळी आज्ञावलीत कायमचे गोवले असते, तर २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने ह्याच वाणांची बोंडे पोखरली असताना ती आज्ञावली मूक राहिली असती. त्याच खरीपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. म्हणून "आज फवारावे" ह्या सल्ल्याइतकाच "आज फवारू नये" हा सल्लाही मोलाचा आहे.

रचनेची चार अंगे

१. निरीक्षण : हेक्टरी ५ कामगंध सापळे लावून पतंग मोजावेत. शेतातील २० हिरवी बोंडे फोडून आतील अळ्या पाहाव्यात.

२. तुलना : सापळ्यात दर रात्री ८ पतंग सलग ३ रात्री सापडल्यास, किंवा २० पैकी २ बोंडांत जिवंत अळ्या आढळल्यास, आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे.

३. सल्ला : ही पातळी गाठली तरच फवारणी सुचवावी व संरक्षक साधनांची आठवण द्यावी.

४. पडताळा : फवारणीनंतर पुन्हा मोजणी करून ती आज्ञावलीस कळवावी. कीड कमी झाली नसल्यास पुढील सल्ला बदलला पाहिजे.

दोन पथ्ये

नुकसानीच्या पातळीचे आकडे मूळ आज्ञावलीत न गोवता वेगळ्या तक्त्यात ठेवावेत, म्हणजे सर्व रचना न मोडता ते सुधारता येतात. मात्र ते शास्त्रज्ञांनीच बदलावेत. दोन-चार नोंदींवरून आज्ञावलीने ते आपणहून बदलू नयेत. दुसरे असे की, मोजणी आली नाही म्हणजे कीड नाही, असा अर्थ कदापि लावू नये. अशा वेळी "नोंद मिळाली नाही, शेत पाहावे" एवढेच सांगावे.

आज्ञावली कितीही कुशल असली तरी तिचे डोळे शेतकऱ्याच्या शेतात असतात. यास्तव कपाशी उत्पादक बंधूंनी सापळ्यातील पतंगांची मोजणी नियमितपणे वहीत टिपून ठेवावी व गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांस कळवावी.